गोळीचं नाव काय?

(सोलापुरातल्या तरुणांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीला जरा हात वर करा. घरात अम्मी, अब्बा, दादी, नाना, कुणी तरी बीपीची गोळी घेतं, असे किती जण आहेत? जवळजवळ सगळेच. आता त्या गोळीचं नाव ज्यांना सांगता येईल त्यांनीच हात वर ठेवा.

बघा. चार हात राहिले.

लाजू नका. मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरमागे अठरा वर्षं उभी आहे. लोक येतात आणि सांगतात, "ती पांढरी, छोटी, बारीक द्या." पांढऱ्या, छोट्या, बारीक गोळ्या माझ्या दुकानात दोन-तीनशे प्रकारच्या असतील. आणि दुसऱ्यांना नावं विचारणारी मी, माझ्या स्वतःच्या घरात काय झालं ते आज सांगणार आहे. आमच्या घरात दख्खनी बोलतात, पण इथे सगळ्यांसाठी मराठीतच सांगते.

माझी अम्मी एकसष्ट वर्षांची. बीपीसाठी तिला अॅम्लोडिपिन चालू होतं, पाच मिलिग्रॅम. बीपी उतरेना म्हणून दहा केलं. बीपी उतरलं, पण संध्याकाळी घोटे सुजायला लागले. चप्पल पायात जाईना. आता हे मला कळायला हवं होतं, कारण अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. डोस वाढला की सूज वाढते. पण घरातलं माणूस आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक यांच्याकडे आपण एका नजरेने बघत नाही. सूज दिसली आणि तिला चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहून मिळाली. 'पाण्याची गोळी', म्हणजे लघवी जास्त होऊन पाणी उतरवणारी. पाय सुजले तर सकाळी एक घ्यायची. त्या गोळीचं नाव हायड्रोक्लोरोथायझाइड.

हे औषध काही नवखं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर वापरात आहे, स्वस्त आहे, कोट्यवधी लोकांचं बीपी त्याने आटोक्यात ठेवलंय. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ते आहे आणि तुम्हाला माहीतही नाही, कारण ते दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत मिसळलेलं असतं. पट्टीवरच्या नावाच्या शेवटी 'एच' किंवा 'एचसीटी' असेल तर बहुधा तेच.

अम्मीने ती गोळी पहिल्यांदा घेतली ती बार्शीला एका लग्नाला जायच्या दिवशी, सकाळी. एसटीत बसल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजायला लागली, मळमळ, दोन उलट्या. आम्ही म्हटलं, गाडी लागली. दुपारपर्यंत ती बरी झाली. विषय संपला. कुणाच्या डोक्यातही आलं नाही की चाळीस वर्षं एसटीने फिरलेल्या बाईला आजच गाडी कशी लागली?

दीड महिन्याने पुन्हा पाय सुजले. तिने गोळी घेतली आणि तासाभरात मला दुकानात फोन आला, "बेटा, दम लागतोय." मी घरी पोहोचले तेव्हा ती खिडकीचे गज धरून उभी होती. ओठ निळसर. कोविडच्या काळातलं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं, त्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. रिक्षा, कॅज्युअल्टी, आयसीयू. अंगात ताप, बीपी ऐंशीवर आलेलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसं पांढरी. कोविडची टेस्ट निगेटिव्ह. गंभीर न्यूमोनिया, जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय असं सांगितलं. मास्क लावून मशीनने श्वास दिला, दोन अँटिबायोटिक सुरू झाली. आणि तिसऱ्या दिवशी एक्स-रे जवळजवळ स्वच्छ! सगळे खूश. कुणी म्हणालं औषध लागू पडलं, कुणी म्हणालं दुआ कबूल झाली. मी मिठाई वाटली.

त्या मिठाईचा मला आजही राग येतो. एवढा मोठा न्यूमोनिया एक्स-रेवरून तीन दिवसांत पुसला जात नाही. त्याला आठवडे लागतात. हे विचारायला हवं होतं. पण माणूस मरणाच्या दारातून परत आलं की 'इतक्या लवकर कसं बरं झालं?' असं कोण विचारतं?

हॉस्पिटलात बीपी खाली असल्यामुळे तिच्या सगळ्या गोळ्या बंद होत्या. घरी आल्यावर बीपी वाढलं, अॅम्लोडिपिन पुन्हा सुरू झालं, आणि महिन्याभरात घोटे पुन्हा सुजले. तिसरी गोळी तिने घेतली नाही. मी दिली. पट्टीतून मी काढली, पाण्याचा पेला मी हातात दिला आणि म्हटलं, "घे, सूज उतरेल." चाळीस मिनिटांनी ती खाली बसली.

त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर मी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर वेळा लिहीत होते. मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. दम किती वाजता लागला, त्याआधी काय खाल्लं, चहा कधी, गोळी कधी. मग मागच्या वेळचं आठवलं. मग एसटी आठवली. तीन वेळा तीच गोळी आणि तीन वेळा तासाभराच्या आत. मधल्या सगळ्या दिवसांत, जेव्हा ती गोळी नव्हती, तेव्हा काही नाही.

सकाळी मी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले होते, रात्रभर जागलेले होते. पण ते हसले. म्हणाले, "ताई, पाण्याची गोळी फुफ्फुसातलं पाणी काढायला देतात. ती पाणी भरेल कशी?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच ही गोष्ट पकडायला अवघड आहे. हृदय कमजोर झालं की फुफ्फुसात पाणी साचतं, आणि ते काढायला लघवीचं औषधच देतात. पण तिथे बिघाड पंपाचा असतो. अम्मीच्या हृदयाची सोनोग्राफी अगदी नॉर्मल होती. तिच्या बाबतीत बिघाड पाइपच्या भिंतीचा होता. फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत गळू लागते, रक्तातला द्रव हवेच्या पिशव्यांमध्ये शिरतो, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतं. हे नेमकं का होतं, हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण होतं हे नक्की. या औषधाने फुफ्फुसात पाणी भरल्याची पहिली नोंद १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अशी काही डझन प्रकरणंच छापली गेली. त्यातल्या बहुतेक बायका. सुरुवात गोळीनंतर मिनिटांत किंवा काही तासांत. ताप, उलट्या, बीपी पडणं. न्यूमोनिया किंवा हार्टचा त्रास समजून उपचार. दोन-तीन दिवसांत सुधारणा. आणि गोळी पुन्हा दिली की पुन्हा तेच, कित्येकदा आधीपेक्षा जोरात. रोज न घेता अधूनमधून घेणाऱ्यांमध्येही हे दिसलेलं आहे. मी हे वाचत होते तेव्हा मला वाटत होतं की कुणी तरी माझ्या अम्मीची फाइल माझ्या आधी लिहून ठेवली आहे. युरोपात या औषधाच्या माहितीपत्रकात या धोक्याची स्पष्ट सूचना घातली गेली ती २०२१-२२ च्या सुमारास. पहिल्या नोंदीनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने.

छातीचे मोठे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी माझं ते पान दोनदा वाचलं. मग फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने औषधाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'पुन्हा कधीही देऊ नये.' खात्री करायला गोळी पुन्हा देऊन बघू या, असं त्यांनी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणूही नये. अॅम्लोडिपिन परत पाचवर आणलं, सोबत टेल्मिसार्टन दिलं. घोटे उतरले. म्हणजे मुळात त्या पाण्याच्या गोळीची गरजच नव्हती. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, असा तो सगळा प्रवास होता.

इथे भाषण संपवलं असतं तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण खरी अडचण पुढे आहे.

अम्मी घरी आली तशी मोहल्ल्यात बातमी पसरली, "बीपीच्या गोळीने फुफ्फुसं जातात." मी कुणाला असं सांगितलं नव्हतं. पण मी पुरेसं स्पष्टही सांगितलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून राहणारे एक चाचा, टेलरिंगचं दुकान होतं त्यांचं. त्यांनी आपली गोळी बंद केली आणि कुणीतरी दिलेलं चूर्ण सुरू केलं. म्हणाले, जडीबुटीला साइड इफेक्ट नसतो. चार महिन्यांनी त्यांना लकवा झाला, उजव्या बाजूला. त्यांच्या मुलाने जुनी पट्टी मला दाखवली. नुसतं अॅम्लोडिपिन होतं. अम्मीला ज्याने त्रास झाला त्या औषधाचा त्यांच्या गोळीशी काडीचाही संबंध नव्हता. दोन महिने आधी त्यांनी मला गोळीचं नाव सांगितलं असतं, किंवा मी आपणहून विचारलं असतं, तर एका मिनिटाचं काम होतं. मी त्या दुकानावरून रोज जाते. आता मुलगा बसतो तिथे.

जडीबुटीचं निघालंच आहे तर सांगते. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनाने सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत तिच्यातली द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून 'अजमलीन' नाव दिलं. पुढे आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवरचा सर्पगंधाचा अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि साऱ्या जगाने ती उचलली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्याच सर्पगंधातल्या रिसर्पिनने कित्येकांचं नाक चोंदायचं आणि काहींना खोल नैराश्य यायचं, हेही त्याच इतिहासात आहे. जे औषध शरीरावर काम करतं ते कुठे ना कुठे नको तिथेही काम करतं. झाडातून आलं म्हणून त्याला सूट मिळत नाही.

आता, फुफ्फुसात पाणी भरणं फार दुर्मीळ. तुमच्या घरात दिसेल ती दुसरीच गोष्ट, कोरडा खोकला. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल अशी 'प्रिल'ने संपणारी औषधं घेणाऱ्या शंभर जणांपैकी पाच ते वीस जणांना तो होतो. बायकांना जास्त. घशात सतत खवखव, कफ नाही, रात्री झोप नाही. माझ्या काउंटरवर एक बाई तीन महिने खोकल्याचं सिरप नेत होत्या. टीबीची तपासणी झाली, एक्स-रे झाला, घरात त्यांचा पेला वेगळा ठेवला गेला. आपल्याकडे लांबलेला खोकला म्हणजे आधी टीबी, आणि ते तपासणं बरोबरच आहे. पण चिठ्ठीवर रामिप्रिल होतं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि महिन्याभरात खोकला थांबला. सहसा एक ते चार आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा 'सार्टन'वाल्या औषधांनी तो सहसा होत नाही.

हा खोकला का येतो त्याची गोष्ट साप आणि फुफ्फुसांची आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या विषात शरीरातल्या ब्रॅडीकायनिन या द्रव्याचा परिणाम वाढवणारं काही तरी आहे, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं. ते लंडनच्या प्रयोगशाळेत आले, आणि तिथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये कुत्र्याच्या फुफ्फुसाच्या अर्कावर प्रयोग केले. आडनाव ऐकून कान टवकारले ना? बीपी वाढवणारं द्रव्य तयार करणारं एन्झाइम फुफ्फुसात भरपूर असतं, आणि सापाच्या विषातला तो घटक त्याला अडवतो. यावरून पुढे कॅप्टोप्रिल बनलं, १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण हेच एन्झाइम ब्रॅडीकायनिन मोडून टाकण्याचंही काम करतं. एन्झाइम अडलं की बीपी उतरतं, आणि ब्रॅडीकायनिन साचून श्वासनलिकेच्या नसा चाळवतात. म्हणजे औषधाचा गुण आणि खोकला, दोन्ही एकाच दारातून येतात. क्वचित, हजारात काही जणांना, याच औषधांनी ओठ, जीभ, घसा सुजतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढायची.

आणि हे खास तुमच्यासाठी, कारण तुम्हाला बीपी नाही. परीक्षेच्या, इंटरव्ह्यूच्या आधी हात थरथरू नयेत म्हणून मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉल घेणारी मुलं मला माहीत आहेत. मुळात ते बीपीचं आणि हृदयाचं औषध. ज्याला दमा आहे, बॅगेत पंप आहे, त्याच्या श्वासनलिका या गोळीने आवळल्या जाऊ शकतात, आणि मग पंपही नीट काम करत नाही, कारण गोळीने तेच कुलूप अडवलेलं असतं ज्यात पंपाची किल्ली जाते. दमा असेल तर 'लॉल'ने संपणारी कुठलीही गोळी डॉक्टरांना दम्याचं सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. आणि ज्यांना ती हृदयासाठी दिलीय त्यांनी हे ऐकून एकदम बंद करायची नाही. अचानक थांबवली तर छातीत दुखणं, हार्ट अॅटॅक इथपर्यंत जाऊ शकतं.

मग करायचं काय? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. त्यांच्यासाठी मोठा धोका गोळीचा नाही, गोळी न घेण्याचा आहे. म्हणून मी इथून 'सावध राहा' एवढंच सांगून गेले तर ते चाचा पुन्हा घडतील. आज घरी जा, पट्ट्या बाहेर काढा, कंपनीचं नाव नको, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव कागदावर लिहा. त्यापुढे कधी सुरू केलं ती तारीख. बस. मोबाइलमध्ये फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाका. नवीन गोळी सुरू झाली आणि काही बिनसलं, तर वेळ लिहा. नुसता खोकला असेल तर गोळी चालू ठेवून डॉक्टरांकडे जा आणि कागद दाखवा. गोळीनंतर दम लागला, ओठ सुजले, तर लगेच दवाखाना, आणि पट्टी सोबत. पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सामान्य माणूसही सरकारकडे करू शकतो. भारताचा औषध-सुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधानेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, फक्त काय झालं ते सांगायचं असतं. मी अम्मीचा फॉर्म भरला. तोपर्यंतच्या अठरा वर्षांत मी भरलेला तो पहिलाच फॉर्म होता, आणि फार्मासिस्ट म्हणून हे सांगताना मान खाली जाते. काउंटरवर किती जणांनी मला किती काय सांगितलं असेल, आणि मी सिरप देऊन पाठवलं असेल.

अम्मी आज इथे आली आहे, तिसऱ्या रांगेत, हिरव्या ओढणीत. नंतर तिला भेटा आणि गोळीचं नाव विचारा. 'हायड्रो'पर्यंत ती पाठ म्हणते, पुढचं जमत नाही. मग पर्समधून कार्ड काढून दाखवते. आता प्रश्न विचारा, पहिला तुम्ही, मागच्या बाकावरचे.